बदलीवरची बाई

३ मार्च

ती. ताई,

नमस्कार घ्या आणि आधी एक ऐका. आता फोन करू नका. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडून बोलते, आणि आमचं घर म्हणजे पुढे दुकान नि मागे एक खोली. त्यामुळे तुमच्या भावाची तब्येत तुमच्याआधी तुमच्या भावालाच कळते. मग ‘कोणाला काय झालंय?’ करत हे दिवसभर माझ्या मागे. त्यापेक्षा पत्र बरं.

हॉस्पिटलातून आणलं त्याला महिना होत आला. टाके सुकले. चालणं-फिरणं ठीक. जुनं सगळं लख्ख आठवतं. तुम्ही त्यांच्या दप्तरात बेडूक ठेवला होता, तेही काल ऐकलं. घोटाळा आहे तो नव्या गोष्टींचा. दुकानाची पाटी पुसायला शिडीवर चढले नि डोक्यावर पडले, हे रोज सकाळी मी नव्याने सांगते, आणि रोज सकाळी हे म्हणतात, ‘मी आणि शिडीवर? काहीतरीच!’ जेवून उठतात नि पुन्हा जेवायला बसतात. आठवणीत जिथे भोक आहे तिथे स्वतःच काहीतरी भरतात, तेही इतकं बेमालूम की परका माणूस सहज फसावा. तुम्ही काल येऊन गेलात, असं रोज कुणाला तरी सांगतात. एका परीने बरंच आहे. तुम्ही न येताही तुमचं येणं-जाणं चालू आहे.

मला मात्र बरोबर ओळखतात. बाकी सगळं विस्कटलं तरी ‘अगं, ऐकलंस का’ तेवढं जागच्या जागी आहे. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, रोजचं काम करू द्या. म्हणून दुकान उघडलं. तुम्ही पाहिलंच आहे, दुकानातच मध्ये पडदा, त्या बाजूला त्यांची खुर्ची नि आरसा, या बाजूला माझं शिवणाचं मशीन. मी पडदा थोडा सरकवून बसते. हातात कात्री आली की माणूस तोच आहे, हात कुठे चुकत नाही. फक्त परवा बेकरीवाल्याचे केस सकाळी कापले आणि तो दुपारी पाव द्यायला आला, तर ‘या या, किती वाढलेत!’ म्हणून त्याला पुन्हा बसवलं. भला माणूस, मुकाट्याने बसला. हल्ली तो टोपी घालतो. केस कापून झाले की आठवडाभर समोरच्या फुटपाथने जायचं, असं गल्लीने आपसांत ठरवून टाकलंय.

केसांचं काही नाही, ते पुन्हा येतात. मला धास्ती आहे ती दाढीची. वस्तरा चालू असताना हात मध्येच थांबतो आणि हे विचारतात, ‘मी काय करत होतो?’ गिऱ्हाईक श्वास धरून बसतं. मीही. काय करावं ते कळवा. तुम्ही एवढं मुलींचं वसतिगृह सांभाळता, तुम्हाला काहीतरी सुचेल.

तुमची,
चिमणी

११ मार्च

चिमणे,

बेडूक त्याने माझ्या दप्तरात ठेवला होता. एवढी त्याची आठवण लख्ख!

टोमणा पोचला. परीक्षा संपेपर्यंत मला इथून हलता येत नाही. मुली रात्रीचा दिवस करून अभ्यास करतात असं त्यांच्या आईबापांना वाटतं. प्रत्यक्षात काय करतात ते मी बघते.

वस्तऱ्याचं सोपं आहे. त्यातलं ब्लेड काढून ठेव. त्याला फेस लावू दे, वस्तरा फिरवू दे. फेस निघेल, त्याचं समाधान होईल, गिऱ्हाईक घरी जाऊन आपली दाढी करेल. गल्ली एवढी सोशीक आहे तर एवढंही करेल. त्याला काय कळणार आहे? आत्ताचं जेवण ज्याच्या लक्षात राहत नाही, त्याला ब्लेड कळणार? आमच्याकडे एका मुलीला झोपेत चालायची सवय होती. मी तिच्या खोलीला बाहेरून कडी घालत असे. तिला अजून पत्ता नाही.

दुसरी गोष्ट. झेपत नसेल तर त्याला इकडे पाठव. खालच्या मजल्यावर खोली रिकामी आहे, फाटकावर पहारेकरी आहे, जेवण स्वयंपाकघरातून येईल. तू कुठे कमी पडलीस असं कुणी म्हणणार नाही, आणि म्हणालंच तर माझ्याशी गाठ आहे. तुझं वय काही फार झालेलं नाही. हे त्याची बहीण म्हणून लिहीत नाही.

ताई

१९ मार्च

ती. ताई,

तुमचं ऐकलं. पण ते का जड गेलं हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.

आमच्या घरात धारेच्या वस्तूंची वाटणी आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या केसांच्या कात्रीने दोरा तोडला. हे दोन दिवस बोलले नाहीत. पुढे त्यांनी माझ्या कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापला, तेव्हा मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानंतर करार झाला: त्यांच्या धारेला मी हात लावायचा नाही, माझ्या धारेला त्यांनी नाही. घराला आग लागली तरी नाही, असं हे म्हणायचे. आमची भांडणं तुम्हाला ठाऊक आहेत, निम्मी तर तुमच्यासमोर झाली. पण करार कधी मोडला नाही.

मंगळवारी हे आंघोळीला गेले तेव्हा मी वस्तरा उघडून ब्लेड काढलं. उरलेल्या ब्लेडांचं पाकीट पिठाच्या डब्यात लपवलं. हात धुतले तरी चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

पहिले आले आपले संगीतमास्तर. त्यांना आधीच कल्पना दिली होती. फेस लावून डोळे मिटून बसले. वस्तरा फिरला, फेस गेला, दाढी जशीच्या तशी. हे मागे सरून म्हणाले, ‘बघा, दहा वर्षांनी तरुण!’ मास्तरांनी आरशात बघितलं, गालावरून हात फिरवला आणि गंभीरपणे म्हणाले, ‘चक्क वीस.’ मी पडद्यामागे तोंडात कापडाचा बोळा धरून हसले. किती दिवसांनी हसले!

तर सध्या बरं चाललंय. काळजी नसावी. पाठवण्याचं म्हणाल तर अजून तशी वेळ नाही.

चिमणी

२७ मार्च

चिमणे,

सांगत नव्हते मी? उगाच करार नि बिरार. माणसाची अडचण बघून नियम वाकवावा लागतो, हे नियमांवर आयुष्य काढलेल्या बाईकडून ऐक.

मास्तरांना माझा नमस्कार. तू जेवतेस ना वेळेवर? त्याच्याबद्दल पानभर लिहितेस आणि स्वतःबद्दल ‘काळजी नसावी’. या दोन शब्दांत काय काय लपतं ते मला मुलींच्या पत्रांवरून चांगलं कळतं.

ताई

९ एप्रिल

ताई,

इकडे हवा बरी आहे. काल तू आलीस नि चहा न घेताच गेलीस, हे बरं केलं नाहीस.

एक विचारायचं राहिलं. माझी बायको तुझ्याकडे आली आहे का? इथे एक बाई आहे. तक्रार नाही, बाई चांगली आहे. दिसते थेट बायकोसारखी, कपडे तिचेच घालते, मशीनही चालवते. बायकोने बदलीवर ठेवली असणार. पण ही ती नव्हे.

मला कसं कळलं ते सांगतो. मी मास्तरांची दाढी करत होतो. वस्तऱ्याचा आवाज येईना. चालताना त्याला एक बारीक आवाज असतो, तो माझ्या हाताला कळतो. उघडून बघतो तर आत ब्लेड नाही. मी या बाईला विचारलं, कोणी काढलं? ती म्हणाली, मी. खोटं बोलली नाही, हे मान्य करतो. पण माझी बायको जीव गेला तरी माझ्या वस्तऱ्याला हात लावायची नाही. आमचं तसं ठरलेलं आहे. मग ही कोण?

इकडे हवा बरी आहे. काल तू आलीस नि चहा न घेताच गेलीस.

बायको तिकडे असली तर तिला सांग, मी रागावलेलो नाही. भांडण कशावरून झालं ते आता आठवत नाही. चूक माझीच होती असं धरून चाल. परत ये म्हणावं.

पाकिटावर पत्ता या बाईने घातला.

तुझा भाऊ

१७ एप्रिल

चिमणे,

पाकिटावर तुझं अक्षर होतं. म्हणजे आत काय आहे हे ठाऊक असून तू ते पेटीत टाकलंस. तुझी कमाल आहे. की माझ्यावरचा राग होता तो?

असला तरी चालेल. ब्लेडची अक्कल माझी. ‘त्याला काय कळणार’ हे मीच लिहिलं, आणि तू करार सांगितलास तेव्हा चेष्टा केली. पत्र वाचून झाल्यावर मला ऑफिसात बसवेना. मुलींना वाटलं बाईंना बरं नाही. बरं नव्हतंच. फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून तुला त्याचा काडीचा उपयोग नाही हेही कळलं.

आता कामाचं. परीक्षा संपल्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी येते आणि त्याला घेऊन जाते. तुला ओळखत होता तोवर गोष्ट वेगळी होती. जो माणूस तुला परकी समजतो, त्याच्यासाठी तू तुझ्याच घरात बदलीवरची बाई होऊन राहायचं, हे मी बघणार नाही. मला ओळखेल की नाही कोण जाणे. ओळखलं नाही तरी मी काल येऊन गेलेली असेन, तेवढा आधार पुरे. त्याची बॅग भरून ठेव.

ताई

२८ एप्रिल

ती. ताई,

बॅग भरली. हे आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तुमचं म्हणणं उडवून लावलं. शर्ट, स्वेटर, औषधं, डॉक्टरांचे कागद. भरताना मला हायसं वाटलं. रात्री सलग झोपता येईल असा विचार आला, आणि त्याची लाजही वाटली नाही.

त्या दिवसापासून काय झालं ते मी तुम्हाला लिहिलं नाही. त्यांचं पत्र पाठवलं, म्हटलं त्यांनीच सांगावं. राग होता का? थोडा होता. पण ब्लेड माझ्या हाताने निघालं, तुमच्या नाही.

‘अगं’ गेलं. ‘अहो बाई’ सुरू झालं. बाकी नवं सगळं विसरतात, ही बाई तेवढी कशी लक्षात राहिली कोण जाणे. ‘अहो बाई, चहा होईल का?’ ‘अहो बाई, तुम्ही जेवलात का?’ लग्नापासून इतक्या अदबीने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. परक्या बाईने एका खोलीत झोपणं बरं दिसत नाही, असं त्यांनीच फार संकोचून सुचवलं. म्हणून मी पडद्यामागे मशीनशेजारी गादी टाकते. पहिले काही दिवस मी भांडले. लग्नाचा फोटो आणून दाखवला. फोटो नीट बघून म्हणाले, ‘ही माझी बायको. तुमचा काय संबंध?’ डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागल्यावर असं होतं. चेहरा ओळखीचा दिसतो, पण आपलं माणूस आहे असं आतून वाटत नाही. जाईलही, राहीलही. डॉक्टरांना असं बोलायला काय जातं, पण त्यांना तरी दुसरं काय माहीत असणार.

मग मी पिठाच्या डब्यातून पाकीट काढलं, पुसलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, ‘हे तुमचं. मी घेतलं होतं.’ त्यांनी ब्लेड मधोमध मोडलं, अर्धं वस्तऱ्यात बसवलं आणि म्हणाले, ‘पुन्हा घेऊ नका.’ इतकंच. पण आता दाढीला बसणार कोण? मास्तरांना बोलवायचा धीर मला नव्हता, आणि हे तर वस्तरा हातात घेऊन सकाळपासून दाराशी उभे. दुपारी मीच जाऊन खुर्चीत बसले.

हे म्हणाले, ‘बाई, मी बायकांचे केस कापत नाही.’

म्हटलं, ‘उकडतं हो. मानेवरचे कमी करा, बाकी राहू द्या.’

त्यांनी कापड बांधलं, माझे केस वर घेऊन चिमटे लावले. पाणी मारलं. वस्तरा मानेला टेकला तेव्हा मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. आरशात त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. आणि व्हायचं तेच झालं. हात थांबला. धार तशीच टेकलेली. ‘मी काय करत होतो?’

मी म्हटलं, ‘माझी मान साफ करत होतात. डावीकडचं राहिलंय.’

‘हां,’ म्हणाले आणि डावीकडचं केलं.

ताई, एवढंच होतं. तो माणूस प्रश्न विचारत होता आणि आम्ही सगळे भीतीने गप्प बसत होतो. नुसतं उत्तर द्यायचं होतं. दुसऱ्याच दिवशी मी मास्तरांना बोलावलं आणि स्वतः खुर्चीशेजारी उभी राहिले. हात थांबला की सांगायचं, ‘मास्तरांची दाढी, उजवा गाल.’ आता मास्तर स्वतःच गातात तसं सांगतात. एकदाही कुणाला ओरखडा उठलेला नाही. मशीनचं काम मागे पडतं, ते रात्री उरकते.

पण त्या दिवसापासून दुसरंच एक सुरू झालं. दुपारी दुकान रिकामं असतं. मी बाकावर बसते, हे गिऱ्हाईकाशी माराव्यात तशा माझ्याशी गप्पा मारतात. आणि गप्पा कशाच्या? बायकोच्या. तिचं नाक लहान आहे नि राग मोठा आहे. तिने लावलेलं बटण शर्ट फाटला तरी निघत नाही. ती घोरते, पण तिला सांगायचं नाही. एकदा दुकान चालत नव्हतं तेव्हा तिने गल्लीतल्या बायकांना दम देऊन त्यांचे नवरे इथे पाठवले, आणि मला काही ठाऊक नाही असं तिला आजवर वाटतं. ताई, मला खरंच तसं वाटत होतं. इतक्या वर्षांत यातलं एक अक्षर त्यांनी मला सांगितलं नव्हतं. बाकावरच्या बाईला सांगतात. मी रोज दुपारी नेमाने जाऊन बसते. माझ्याबद्दल इतकं चांगलं मी दुसरीकडे कुठे ऐकणार?

तुमचं पत्र आलं, बॅग भरून झाली, आणि म्हटलं आता ह्यांना विचारायला हवं. न विचारता न्यायचं म्हणजे पुन्हा ब्लेड काढण्यासारखंच. परवा दुपारी बाकावर बसून मी म्हटलं, ‘तुमच्या ताई न्यायला येणार आहेत. जाल का त्यांच्याकडे?’

‘ताई कालच येऊन गेली,’ म्हणाले. ‘आणि मी कसा जाणार? दुकान आहे.’

मी उगाच एक गोष्ट केली. का केली, माहीत नाही. मी उठून त्यांचा हात धरला आणि म्हटलं, ‘मग मी इथेच राहू का? तुमच्याजवळ? कायमची?’

त्यांनी हात सोडवून घेतला. झटकला नाही, सावकाश सोडवला. कानापर्यंत लाल झाले होते. म्हणाले, ‘बाई, राग मानू नका. तुम्ही फार चांगल्या आहात. तुम्ही आलात की मला बरं वाटतं, हेही खरं आहे. म्हणूनच सांगतो, असं रोज रोज येऊन बसत जाऊ नका. मी लग्नाचा माणूस आहे. माझी बायको जराशी रागावून गेलीय, पण येईल. मशीन इथेच आहे तिचं. मशीन टाकून ती कुठे जायची नाही.’

मी पडद्यामागे आले आणि रडले. नंतर हसूही आलं. दोन्ही पोटभर झालं. या वयात मला नकार मिळाला, आणि तोही माझ्याचसाठी.

म्हणून हे पत्र. तुम्ही जरूर या. चार दिवस राहा, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. पण त्यांना न्यायला येऊ नका. मला जड जातंय हे खरं आहे, आणि पुढे आणखी जाईल. तरी ते घर धरून बसलेत ते तिच्या भरवशावर. उद्या ती आली आणि हे घरी नसले, तर मी तिला काय सांगू?

चिमणी